शेषेरावांच्या घरची बाळंतीण

मार्गशीर्ष सरत आला की आमच्या गिरणीपुढं डब्यांची रांग लागते. वाफवलेल्या उंड्यांसाठी बाजरी, आंबिलासाठी ज्वारी, भज्जीसाठी हरभऱ्याची डाळ, खिरीसाठी गहू, तोही नुसता भरडून. डबे ओळीनं लावणं, झाकणावर खडूनं नावं घालणं, डाळीमागोमाग गहू पडणार नाही हे बघणं, ज्यांना येडशीहून पुढच्या वस्त्यांवर चालत जायचं आहे त्यांचं दळण आधी काढणं, हे सगळं माझ्याकडं. मालक, म्हणजे माझे यजमान, इंजीन आणि पट्टा बघतात. त्यांना रांगेतलं काही कळत नाही आणि मला इंजिनातलं, म्हणून आमचं बरं चाललं आहे.

अमावस्येला येळवस असते. त्या दिवशी गावाला कुलूप लागतं. सगळे रानात. पोटरीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या ज्वारीत कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुना लावलेले दगड पांडव म्हणून मांडायचे, शेंगा-पाल्याची भज्जी, उंडे, खीर आणि मडकंभर आंबील त्यांच्यापुढं ठेवायचं, आणि मग बांधावरून जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. ज्याच्या कोपीत जास्त पानं उठली, त्याची येळवस मोठी. कोप रिकामी राहिली तर त्या माणसाला वर्षभर चावडीकडून जाताना मान खाली घालावी लागते. ओळखीपाळखीचं, जातीपातीचं, नव्याजुन्याचं सगळं मोजमाप आमच्याकडं या एका दिवशी आंबिलाच्या मडक्यापाशी होतं.

गरम पिठाचा वास नाकात गेला की रांगेतल्या बायकांना माहेरचं रान आठवतं. तशा त्या बोलतात. मला शेषेराव आठवतात. पुष्कळ वर्षं झाली, पण राग जसाच्या तसा आहे. मी वस्तू नीट ठेवते. घरात माझ्याकडून काही हरवत नाही.

त्यांचं परस आणि आमच्या गिरणीची मागची बाजू यांच्यामध्ये एकच मातीची भिंत. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. कचेरीतली माणसं बदलली, पण शेषेराव तिथंच होते. पूर्वी त्यांच्या कोपीत जुने अंमलदार जेवायचे, आता नवे तहसीलदार येणार होते. बेत महिनाभर आधी सुरू झाला होता. पूर्वी अंमलदारांना घेऊन ते रामलिंगाच्या बाजूच्या माळावर सशाच्या शिकारीला जायचे आणि पुढं हरणी धावायची.

हरणी म्हणजे त्यांची कुत्री. कारवानी जात, उंच, सडपातळ, लांब तोंडाची. बसली तरी ऐटीत बसायची. पाटावरच्या पाहुणीसारखी. दुधात भाकरी कुस्करून तिला मिळायची आणि ती घालायला वेगळा गडी होता. त्या थंडीत ती पोटुशी राहिली आणि गडी, दूध, भाकरी सगळं थांबलं. परसात उकिरड्याशेजारी एका आखूड साखळीनं तिला बांधून टाकलं. तिथंच, राखेच्या ढिगात, तिला पिल्लं झाली.

मला आधी आवाज ऐकू आला. इंजीन बंद असताना भिंतीपलीकडून बारीक कुईकुई. मी रिकाम्या डब्यावर चढून बघितलं. पिल्लं राखेनं माखलेली, एकमेकांच्या अंगाखाली शिरत होती. हरणीच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. पाण्याचं दगडी भांडं होतं, पण साखळी तिथवर पोचत नव्हती. भांडं कोरडं होतं हे नंतर कळलं.

मी सरळ वाटेनं गेले. आधी सरळ वाट, ती बंद असेल तर दुसरी, ही माझी पद्धत. शेषेराव ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

"अण्णा, मागं हरणीला पिल्लं झालीत."

"झाली असतील."

"तिच्यापुढं पाणीसुद्धा नाही."

"बाटली ती, बाई." सुपारीवरची नजर त्यांनी काढली नाही. "तिच्या आजीनं अंमलदारसायबापुढं ससा धरलेला. आन् ही गेली कुणासंगं? ठेसनावरच्या खरकट्या कुत्र्यासंगं. टाकली आमी तिला."

"टाकलीत तर मग साखळी कशाला? सोडून द्या."

"सोडली तर गावभर हिंडंल. लोक म्हणतील, शेषेरावाची कुत्री बघा अन् तिची पिल्लं बघा."

"मग मला द्या."

तेव्हा त्यांनी वर बघितलं आणि हसले. "वस्तू माझी हाय. मरंल तर माझ्या दारात मरंल. तुमी पीठ दळा, बाई. तेवढंच बघा."

परत येताना मला त्यांच्या हसण्यापेक्षा ते शब्द जास्त टोचत होते. बाटली. टाकली. हे शब्द कुत्रीसाठी केलेले नाहीत. ते कुणासाठी केलेले आहेत हे आमच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. ते इतक्या सहज तोंडातून आले, कारण तोंडाला त्यांची सवय होती.

मी भिंतीवरून भाकरी टाकायला लागले. लगेच भिंतीच्या माथ्यावर बाभळीच्या काट्या आल्या, माझ्या हातापेक्षा उंच. मालक म्हणाले, "आपलं मोठं गिऱ्हाईक आहे. त्यांचे डबे गेले तर?" मी म्हटलं, जाऊ द्या. ते पट्ट्याला मेण लावू लागले. घाबरले की ते पट्ट्याला मेण लावतात.

एका सकाळी काट्यांच्या फटीतून बघितलं तर हरणीनं एक पिल्लू बाजूला सारून ठेवलं होतं. बाकीची तिच्या पोटाशी होती. ते हलत नव्हतं. थंडी फार होती त्या आठवड्यात, ज्वारीच्या पानांवरून दुपारपर्यंत दव उतरत नव्हतं. हरणी त्या पिल्लाकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

त्याच दिवशी मी ठरवलं. पीठ दळा म्हणाले ना, मग दळूच.

गिरणीत इंजीन चालू असलं की हळू बोलता येत नाही. गुपितसुद्धा ओरडून सांगावं लागतं. येळवशीची रांग दारापर्यंत गेलेली, प्रत्येक घरातली एक तरी बाई हजर, आणि माझ्याशेजारी डब्यावर बसलेली रजियाबी मणियार, बांगड्यांची टोपली मांडीवर घेऊन. सणाआधी तिचा धंदा आमच्या रांगेतच चालायचा. बाई एका जागी उभीच आहे, तर हात पुढं करते. रजियाबी घरोघरी जायची, मागच्या दारानं जायची, आणि हरणीला तिनंही बघितलं होतं.

मी जात्याच्या तोंडात ज्वारी सोडत जरा मोठ्यानं म्हटलं, "शेषेरावांच्या घरी बाळंतीण उपाशी आहे."

एवढंच. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

रजियाबीनं माझ्याकडं बघितलं. ती हुशार बाई. पदर तोंडावर धरून म्हणाली, "हौ बाई, मैं बी देखी. पोट पाठीला लागलंय बिचारीचं."

"आगं बया," रांगेतून कुणीतरी म्हणालं, "व्हय का?"

"पाणीसुद्धा वेळेवर नाही," मी म्हटलं आणि डबा बदलला.

त्यांच्या घरी सून बाळंत झाली होती हे सगळ्यांना माहीत होतं. सुशीला तिचं नाव. माहेरी आई नव्हती म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. बारसं उरकलं होतं, सव्वा महिना व्हायचा होता. मी तिचं नाव घेतलं नाही. नाव रांगेनं घातलं.

संध्याकाळी माझं वाक्य माझ्याकडं परत आलं तेव्हा त्याला हातपाय फुटले होते. पोरगी झाली म्हणून डिंक बंद केला म्हणं. तूप कुलपात ठेवलंय म्हणं. बाळंतिणीला शिळी भाकरी अन् तीबी एक वेळ. सांगणारी मलाच सांगत होती आणि वर म्हणत होती, "तुमाला ठावं न्हाय व्हय? भिंतीला भिंत हाय की तुमची."

मग बायका निघाल्या. तोंडावर विचारता येत नाही, म्हणून सहज. बाळ बघायला. कुणी आळिवाची खीर घेऊन, कुणी खारीक-खोबरं, कुणी लोण्याचा गोळा भाकरीवर ठेवून. शेषेरावांची बायको चक्रावून गेली. एवढा लोभ गावाला आपल्या सुनेचा कधीपासून? आणि मी गिरणीच्या मागच्या बाजूला, काट्यांच्या फटीला डोळा लावून उभी. बाळंतिणीच्या खोलीची लहान खिडकी परसात, उकिरड्याच्या अंगाला उघडायची. त्या खिडकीतून एक हात बाहेर यायचा आणि अर्धी भाकरी उकिरड्याकडं फेकायचा. मग एक लाडू. मग पाण्याचा गडवा, हात लांबवून, त्या दगडी भांड्याकडं नाही, हरणीच्या तोंडापुढच्या खळग्यात ओतलेला. त्या हातातल्या बांगड्या रजियाबीनं भरलेल्या होत्या.

हे मी ठरवलेलं नव्हतं. माझ्या हिशेबात फक्त शेषेराव होते.

येळवशीच्या सकाळी गाड्या निघाल्या. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, मडक्यांवर बांधलेली फडकी, आंबिलाचा आंबूस वास रस्ताभर. हरभऱ्याचे घाटे भरले होते, करडई काट्यावर आली होती, तुरीच्या शेंगांचा हिरवा दर्प. कुणाच्या कोपीत जायचं हे पुरुष ठरवतात, असं पुरुषांना वाटतं. त्या दिवशी गाड्या शेषेरावांच्या बांधापाशी आल्या आणि बायका म्हणाल्या, पुढं घ्या. का, असं एखाद्यानं विचारलं असेल. "ज्या घरी बाळंतीण उपाशी, तिथला घास माझ्या नरड्याखाली उतरायचा न्हाय," हे वाक्य मला नंतर निरनिराळ्या तोंडांतून ऐकायला मिळालं, प्रत्येकीला ते आपलंच वाटत होतं.

तहसीलदार आले म्हणे. सतरंजीवर बसले. समोर शंभर माणसांचं जेवण आणि जेवायला घरची माणसं. त्यांनी विचारलं, गावातले लोक कुठं आहेत? उत्तर कचेरीच्या शिपायाकडं होतं. त्याच्या बायकोचा डबा आमच्या रांगेत होता. तो साहेबांच्या कानाशी लागला. साहेबांनी उंड्याचा एक तुकडा मोडला, आंबील ओठाला लावलं आणि काम आहे म्हणून उठले. ते काम शेजारच्या रानात निघालं. तिथं ते पोटभर जेवले.

हे सगळं मला ऐकून माहीत. मी रानात गेलेच नव्हते. गाव रिकामं होण्याची वाट बघत होते. बरोबर घेतलं ते असं: मोठी दुरडी, तळाशी जुनं लुगडं, गोणपाट, हातोडी, तेलाची बाटली आणि रजियाबी.

पुढच्या दारानं जायची वेळच आली नाही. परसाचं दार आतून उघडलं. सुशीला उभी होती, डोक्याला फडकं बांधलेली, पोर खांद्यावर.

"या काकू. कडी गंजलीय. म्या सकाळी ओढून बघितली, निघत न्हाय."

कडीवर तेल सोडलं. रजियाबी बाटली धरून बसली होती, म्हणाली, "बाटलीला बाटलीच कामाला आली, बाई." आम्ही तिघी हसलो. हरणी गुरगुरली नाही. हातोडीचा आवाज झाला तेव्हा फक्त पिल्लांवर मान टाकली. कडी सुटल्यावर ती उठली नाही. साखळी अजून आहे असंच तिला वाटत होतं. मी पिल्लं एकेक करून दुरडीत ठेवली, तेव्हा ती दुरडीमागं चालायला लागली, पाय फाकत, साखळीच्या अंतरापाशी आल्यावर थबकली, आणि मग पुढचं पाऊल टाकलं. ते पाऊल मी विसरले नाही.

निघताना मी सुशीलेला म्हटलं, "तुझ्या नावावर गावात बोललं जातंय. माझ्यामुळं. मी हरणीबद्दल बोलले होते."

तिनं पोरीची मान सावरली. "ठावं हाय काकू. तुमी कुत्रीबद्दल बोलला. पण खोटं काय बोलला न्हाय."

रजियाबीचं हसू तिथंच थांबलं. खिडकीतून बाहेर पडणारी ती अर्धी भाकरी मला आठवली. अर्धी का टाकते, असा विचार तोवर माझ्या मनात आला नव्हता. उरलेली अर्धी ती खात होती, भुकेनं खात होती. डिंक खरंच बंद होता, तूप खरंच कुलपात होतं. रांगेनं जे रचलं ते सगळं त्या घरात आधीपासून होतं.

त्या क्षणापर्यंत माझा राग एका कुत्रीपुरता होता. नंतर तसा राहिला नाही.

दिवस कलताना गाड्या परत यायला लागल्या. मी मुद्दाम गिरणीच्या ओट्यावर गोणपाट घातलं होतं, रस्त्याच्या बाजूला. हरणी आडवी, पिल्लं दूध पीत. शेषेरावांची गाडी शेवटी आली. मडकी भरलेली होती. चाक खड्ड्यात गेलं की आंबील फडक्यातून बाहेर उसळत होतं आणि त्यांच्या धोतरावर सांडत होतं. रिकामं मडकं जसं हलकं वाजतं, तसं त्या दिवशी सगळ्या गाड्यांचं वाजत होतं. त्यांचं नाही.

ते उतरले. रस्त्यावरच्या गाड्याही थांबल्या. कुणाला घरी जायची घाई नव्हती.

"माझ्या घरची बाळंतीण उपाशी हाय, असं कुणी उठवलं?"

"मी म्हटलं होतं, अण्णा."

"कंची बाळंतीण? माझ्या सुनंला काय कमी हाय?"

"सुनेचं नाव मी घेतलं नाही. विचारा रांगेतल्या कुणालाही." मी हरणीकडं बोट केलं. "मी हिच्याबद्दल बोलले. ही पण बाळंतीणच आहे. ही तुमची का?"

गाड्यांवरून सगळे बघत होते. माझी म्हणावं, तर उपाशी ठेवलेली बाळंतीण त्यांची. बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली.

"आमची न्हाय ती," शेषेराव म्हणाले.

"काय म्हणालात?"

"आमची न्हाय म्हणलं की."

"ऐकलं ना सगळ्यांनी?" मी म्हटलं. "मग माझी."

कुणीतरी गाडीवरून हसलं. मग बायका हसल्या, पदराआड, पण पुष्कळ वेळ. शेषेराव गाडीत बसले नाहीत. गाडीच्या पुढं चालत गेले.

त्यांच्या घरी दुसऱ्या दिवसापासून तुपाचं कुलूप निघालं. सुशीलेच्या सासूनं मागच्या नाही, पुढच्या ओसरीवर बसून डिंकाचे लाडू वळले, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे. गाव बघत होतं. मी बघायला लावलं होतं. त्यांचे डबे आमच्या गिरणीतून गेले, ते पुढच्या सुगीला परत आले, कारण दुसरी गिरणी लांब होती. मी त्यांचे डबे रांगेत जिथं असतील तिथंच ठेवले. पुढं घेतले नाहीत, मागंही सारले नाहीत. ही शिक्षा त्यांना सगळ्यांत जास्त झोंबली असं मालक म्हणतात.

लोक म्हणतात, काळ गेला की राग ओसरतो. माझा ओसरला नाही आणि मला तो ओसरायला नको आहे. दरवर्षी त्यांच्याकडून येळवशीचं आमंत्रण येतं. दरवर्षी मी एकच निरोप पाठवते: आमच्या घरी बाळंतीण आहे, सोडून कसं येऊ? काही वर्षी ते खरं असतं, काही वर्षी नसतं. निरोप बदलत नाही.

हरणी म्हातारी होऊन गेली. गिरणीमागं भिंतीलगत पुरली, त्या थंडीत गेलेल्या पिल्लाला रजियाबीनं जिथं मातीत ठेवलं होतं त्याच्या शेजारी. काट्या कधीच्या कुजून पडल्या. हरणीच्या लेकीची लेक आता ओट्यावर असते. तोंड आजीसारखं लांब, कान स्टेशनवरच्या आज्यासारखे पडलेले. या मार्गशीर्षात तिला पिल्लं झाली.

परवा भर रांगेत शेषेराव स्वतः आले. काठी टेकत. बायकांनी वाट दिली. ते ओट्यावर बसले आणि हरणीची नात त्यांचा हात चाटायला लागली. तिला काय माहीत. त्यांनी हात मागं घेतला नाही.

"चांगली हाय," ते म्हणाले. "एक पिल्लू द्या की, बाई. घरात करमत न्हाय."

मी डबा खाली ठेवला. "बाटलेली जात आहे, अण्णा. चालेल?"

काठीच्या टोकानं ते मातीत काहीतरी उकरत राहिले. मग ओठ हलले.

"इंजीन चालू आहे," मी म्हटलं. "ऐकू येत नाही."

"चालंल म्हणलं," ते ओरडले. "चालंल."

रांगेच्या शेवटाला सुशीलेची पोरगी उभी होती, घरचा डबा डोक्यावर घेऊन. त्या साली खांद्यावर होती ती. आता आईएवढी झाली आहे.

"तुम्हाला नाही देत," मी म्हटलं. "तुमच्या नातीला देते. पिल्लू तिचं, तीच निवडून नेईल. ओसरीवर तुमच्यासमोर फिरेल, आणि हात लावायचा झाला तर तिला विचारायचं. आणि साखळी आणायची नाही."

इंजीन चालूच होतं. त्यामुळं मला हे सगळं ओरडून सांगावं लागलं.